मास्तर, हालतंय

वडखळकडून अलिबागला जाताना धरमतरचा पूल लागतो. त्याच्या अलीकडे रस्त्याला लागून घरांची जी रांग आहे, तिच्यातल्या एका परसात बारा महिने काहीतरी ताडपत्रीखाली झाकलेलं असतं. नवखा माणूस विचारतो, "बाइक का?" जुना माणूस विचारत नाही, कारण विचारलं की तासाभराची निश्चिंती. ताडपत्रीखाली स्टँड आहे. दुर्बिणीचा. दुर्बीण घरात, कपाटावर, पिशवीत.

तांडेलकाकांची ओळख मी अशी उलटीकडून करून देतोय, कारण त्यांच्याकडे सगळं याच क्रमाने असतं. आधी बूड, मग बाकीचं. लग्नाला गेले की आधी मांडवाचा खांब हलवून बघतात, नवरानवरीकडे नंतर. पंगतीत बसले की पाट डुगडुगतो का ते बघून खाली कागदाची घडी सारतात, तोवर वरण पुढे निघून गेलेलं असतं. देवळात नवी घंटा बांधली तेव्हा गावाने ती वाजवून पाहिली, काका तुळईकडे बघत उभे होते. अशी माणसं गावोगाव असतात. आमच्याकडच्याने ते खूळ थेट आकाशापर्यंत नेलं, एवढाच फरक.

त्याला कारण आहे. काका पस्तीस वर्षं बार्जवर होते, त्यातली बरीच वर्षं तांडेल. मुंबई बंदराबाहेर मोठं जहाज नांगर टाकून उभं राहतं. त्यातला माल बार्जवर उतरवायचा आणि भरतीचं पाणी धरून धरमतरच्या खाडीत वर आणायचा. एकेकाळी याच पाण्याने मुंबईची माणसं लाँचने इथे उतरायची आणि पेणला, अलिबागला पांगायची. आता माणसं वडखळ नाक्यावर गाडीत बसून एकमेकांचे हॉर्न ऐकतात आणि पाण्यातून कोळसा न् खनिज तेवढं आरामात येतं. तर पस्तीस वर्षं काकांनी चहाचा कप कधी टेबलावर ठेवला नाही. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांना घट्ट जमिनीवर चक्कर यायची. "जल्मभर डुललो, मास्तर," ते मला म्हणाले होते, "आता एक वस्तू अशी पायजे का ती हालनार नाय." ती वस्तू दुर्बिणीखाली असेल हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चंद्राशी त्यांची ओळख जुनी, पण नुसती हिशेबाची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही येतं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. अख्खी नोकरी चंद्राच्या हुकमावर केली, पण त्याला निरखून असं कधी पाहिलं नव्हतं. मालकाच्या तोंडाकडे कोण निरखून बघतो?

मग ठाण्याच्या लेकीने दुर्बीण पाठवली. आरशाची, ११४ मिलिमीटर व्यासाची, ५०० मिलिमीटर नाभीय अंतराची. आखूड नळी, खांद्याला अडकवायची पिशवी, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'ट्रॅव्हल'. सोबत एक तिपाई होती, तिचे पाय कोळंबीच्या मिशांसारखे. पहिल्या रात्री चंद्र दिसला, पण ताक घुसळताना लोण्याचा गोळा दिसावा तसा. काकी म्हणाल्या, "छान आहे की." शेजारची पोरं म्हणाली, "खड्डे, खड्डे!" काकांनी डोळा लावला, काढला आणि माझ्याकडे वळून ते दोन शब्द बोलले, ज्यांनी माझी पुढची पाच वर्षं खाल्ली.

"मास्तर, हालतंय."

हलणारच होतं. ५०० च्या नळीला ५ मिलिमीटरचं नेत्रभिंग लावलं की शंभर पट मोठं दिसतं. चंद्र शंभर पट, तशी थरथरही शंभर पट. विकणारा आरशाचं कौतुक सांगतो आणि पाय फुकट देतो. फुकटचे पाय फुकटासारखेच वागतात. पण हे मी बोललो आणि फसलो. त्या रात्रीपासून काकांच्या या कामात बॅटरी धरायची नेमणूक माझ्याकडे आली.

काकांची तपासणी सोपी. नळीला बोटाने हलका ठोका द्यायचा आणि चित्र किती सेकंदांत शांत होतं ते मोजायचं. जाणकारही स्टँड असाच पारखतात, फक्त ते वहीत एवढं लिहीत नसावेत. काकांनी बार्जच्या लॉगबुकासारखी वही घातली. त्यातली पहिली नोंद मी पाहिली आहे: 'ठोका ८ सेकंद. वारा वायव्य. पाणी ओहोटीचं. मंडळी नाराज.'

तिपाईच्या मधोमध वजन टांगलं की ती स्थिर होते, म्हणून रेतीची पिशवी टांगली. ठोका ५. भाताचं अर्धं पोतं टांगलं. ठोका ४, आणि एक पाय वाकला. मग काकांनी जुन्या होडीचं सागवान मिळवून नवी बैठक केली, चांगली चार पायांची, कुसू सालीत बसवून पाचर मारलेली, खिळा म्हणून नाही. सुतारकाम देखणं, पण ओट्यावर ठेवली की एक पाय हवेत. तो कापला की दुसरा हवेत. आठवडाभरात बैठक वीतभर बुटकी झाली. शेवटी पापड लाटता लाटता काकी म्हणाल्या, "अवो, पोळपाटाला तीन पाय का असतात?"

पेणच्या पापडांचं नाव राज्यभर आहे, पण ते ज्यावर लाटले जातात त्याचा असा विचार मीही केला नव्हता. तीन टोकं कुठेही टेकतात, चौथं आलं की भांडण लागतं. चुलीचे दगड तीन, पोळपाटाचे पाय तीन. काकांनी पोळपाट उलटा करून पंधरा मिनिटं निरखला. त्या दिवशी उरलेले पापड कशावर लाटले ते विचारू नका.

मग जात्याचं पर्व आलं. आजीच्या वेळचं जातं परसात पडलं होतं. खालची तळी गच्च, मधे खुंटा, वरची तळी त्याभोवती फिरते. दुर्बीण आडवी फिरवायला आणखी काय हवं? वरच्या तळीवर खोके बसवले, खोक्यात नळी. ठोका २! काका महिनाभर हवेत होते. पण फिरवताना घरघर इतकी, की शेजारची म्हातारी उठून बसायची आणि पहाट झाली समजून चूल पेटवायची. शिवाय हे जातं हलवायला दोन माणसं लागत. दुर्बिणीच्या पिशवीवरचा 'ट्रॅव्हल' हा शब्द मी त्यांना एकदा बॅटरीने दाखवला. त्यांनी बॅटरी माझ्या हातून घेतली आणि विझवली.

जागाही बदलली. ओटीवर कोणी चाललं की चित्र नाचतं, म्हणून सगळा डोलारा परसात. काकी चिडल्या, धुणं वाळत घालायची जागा गेली. तेव्हा काकांनी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा दाखला काढला. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्याने चुंबकाच्या सुया भरकटणार, म्हणून १९०४ साली ती उचलून अलिबागला आणली. इमारतसुद्धा चुंबकाला ओढ लागणार नाही अशा सामानाची. "त्या लोकांनी ट्रामच्या भीतीनं दर्या ओलांडला," काका गरजले, "मी ओटीवरनं परसात गेलो त बोंब?" काकींनी धुण्याची दोरी सोडली, पण त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. मिठागरांच्या तालुक्यात!

या सगळ्यात पैसे किती गेले ते काका सांगत नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यात मसाल्याची बाजू कुठवर जाऊ शकते हे पाहायचं असेल तर त्या ताडपत्रीखाली पाहावं.

खरी वाट सापडली ती एका संन्याशामुळे. जॉन डॉब्सन नावाचा माणूस, १९१५ साली चीनमध्ये जन्मला आणि अमेरिकेत रामकृष्ण संप्रदायाच्या मठात तेवीस वर्षं राहिला. तिथे चोरून दुर्बिणी करायचा. भंगारातल्या काचा घासून आरसे, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूडचं खोकं. मठाची कामं बुडतात म्हणून १९६७ मध्ये त्याला बाहेर काढलं. तो रस्त्यावर दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवू लागला. त्याच्या खोक्याच्या स्टँडचं पेटंट त्याने घेतलं नाही, म्हणून आज जगभर लोक तो घरी करतात. मी हे सांगत होतो तेव्हा काका निर्विकार होते. त्याने आरसा जहाजाच्या गोल खिडकीच्या काचेतून काढला होता म्हटल्यावर मात्र ताठ बसले.

"जहाजाची काच? मंग त्यो आपलाच मानूस."

डॉब्सनच्या खोक्याचं मर्म घर्षणात आहे. नळी ढकलली की सरकली पाहिजे, सोडली की तिथेच राहिली पाहिजे. मधलं काही नको. त्यासाठी टेफ्लॉनचे तुकडे खडबडीत लॅमिनेटवर सरकवतात, गुळगुळीतावर नाही. ती जोडी अशी, की सुरुवातीचा अडखळा आणि नंतरची सरक जवळपास सारखीच. काकांना हे पटायला वेळ लागला. त्याआधी ते पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातून मूर्ती रंगवायचा फिरता पाट घेऊन आले होते. बेअरिंगचा, फुंकर मारली तरी फिरेल असा. मूर्तीला तो उत्तम, पण दुर्बिणीला शाप. शनी भिंगात यायच्या आत पलीकडे जाई. त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे एक वयस्कर कारागीर होते. एका केसाच्या ब्रशने, काही न टेकवता, एका दमात बुबुळाची रेघ. काका अर्धा तास त्यांच्यामागे उभे राहिले आणि शेवटी विचारलं, "हात हालत कसा नाय?" ते मान वर न करता म्हणाले, "बाकी सगळं हलू द्यायचं." काकांना हे उत्तर आवडलं नाही. येताना गाडीत गप्प होते.

टेफ्लॉनसाठी आधी काकींच्या नॉनस्टिक तव्यावर वाईट नजर गेली. त्याबद्दल त्या घरात अजून बोलत नाहीत. मग योग्य ते तुकडे मिळाले आणि आम्ही पेणला सनमायकाच्या दुकानात गेलो. हा प्रसंग मी विसरणार नाही. काकांच्या खिशात टेफ्लॉनचा बोटाएवढा तुकडा. दुकानदार नमुने पुढे टाकतो, काका प्रत्येकावर तुकडा टेकवतात, वर अंगठ्याने दाब देतात आणि डोळे मिटून सरकवतात. कान नमुन्याला लावलेला. चाळीसेक नमुने झाले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी छताच्या पंख्याकडे.

"काका, किचनला का वॉर्डरोबला?"

"शनीला," काका डोळे न उघडता म्हणाले.

दुकानदाराचा चेहरा एकदम बदलला. चप्पल बाजूला सारून त्याने आतून काळ्या रंगाचा, दाणेदार पोताचा पत्रा आणला. "शनीला काळाच नेतात, काका. देवाचं काम आहे, पंचवीस टक्के कमी लावतो." काकांनी तुकडा सरकवला. ना अडखळला, ना घसरला. आम्ही पत्रा गुंडाळून घेतला आणि देवस्थान कुठलं हा प्रश्न यायच्या आत रिक्षात बसलो.

नवा स्टँड खरोखर उत्तम झाला, हे मित्र म्हणून नाही, बॅटरी धरणारा म्हणून सांगतो. मरीन प्लाय, कारण साधा प्लाय खाडीच्या दमट हवेत फुगतो. खाली पोळपाटासारखे तीन पाय. नेत्रभिंग बदललं की नळीचं तोंड झुकायचं, म्हणून मागच्या टोकाला जाळ्याला लावतात ते शिसं, सरकवता येईल असं. ठोका १. दुर्बीण सव्वातीन किलो, स्टँड सव्वीस किलो.

प्रवास त्याने एकदाच केला. रस्त्यावरच्या दिव्यांपासून लांब, खारबांधावर न्यायचं ठरलं. मिनिडोरवाल्याने स्टँड बघून विचारलं, "काका, कपाट कुठं सोडू?" बांधाच्या कडेला मांडला आणि आम्ही डास मारत अंधाराची वाट पाहत बसलो. खारजमिनीचा चिखल वरून घट्ट दिसतो. तासाभरात एक पाय वीतभर आत गेला, आणि काकांनी पाणसळ लावून तिथे वीट घातली, तोवर दुसरा. अशा स्टँडला पाणसळीची गरजच नसते, तो तिरका असला तरी काम करतो, हे मी तीनदा सांगितलं. पण बुडबुडा मध्यावर आल्याशिवाय वर बघणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. भरती चढली तेव्हा आम्ही घरी निघालो. आकाश त्या रात्री अतिशय सुंदर होतं, असं डासांनी वेळ दिला तेवढ्यात मला वाटलं.

परत आल्यावर परसातच, ओली फरशी, वारा पडलेला. काकांनी शनी बरोबर मध्यावर आणला, हात काढले आणि दोन पावलं मागे सरकले. पाच वर्षांत प्रथमच चित्र दगडासारखं. त्यांनी हात जोडले. मी डोळा लावला. शनी मध्यावर नव्हता. कडेला होता. बघता बघता कडेबाहेर गेला.

"मास्तर, हालतंय?"

मी सांगितलं, की काका, स्टँड नाही, पृथ्वी. तासाला पंधरा अंश फिरते. आपल्या भिंगात अर्धा अंश आकाश मावतं, म्हणजे दोन मिनिटांत तारा या कडेने येऊन त्या कडेने जाणार. तुम्ही काहीही करा.

काका पायरीवर बसले. मी वाट पाहिली. खाडीतून एक बार्ज वर येत होती, इंजिनाचा आवाज हळूहळू जवळ आला आणि पुढे गेला.

"म्हंजे आपन अजून बार्जवरच?"

"हो."

"नांगर नाय?"

"नाही."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला खरंच वाईट वाटलं. जाऊन काकींना सांगावं की यांना आता झोपू द्या, असं मनात आलं. सकाळी गेलो तर काका दोन फळ्या बिजागरीने जोडत होते. बिजागरीचा आस धरमतरहून दिसणाऱ्या ध्रुवाकडे रोखायचा, म्हणजे क्षितिजापासून पावणेएकोणीस अंशांच्या आसपास. बिजागरीपासून २२८ मिलिमीटरवर एक मिलिमीटर आट्याचा बोल्ट. तो मिनिटाला एक फेरा फिरवला की फळी पृथ्वीच्या उलट, तिच्याच वेगाने उघडते. हे मीच केव्हातरी सांगितलं होतं, चूक माझी. बोल्ट फिरवायला माणूस लागतो. काकी आता संध्याकाळी घड्याळाकडे बघत मिनिटाला एक फेरा देतात आणि दुसऱ्या हाताने शेंगा सोलतात. म्हणतात, त्यातल्या त्यात बसून करायचं काम आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरात गावाला बोलावलं. पाऊस गेलेला, आभाळ धुतलेलं, परसात वीसेक माणसं, पोरं पुढे. शनी मध्यावर, स्थिर, फळी सरकतेय. पहिल्या पोराने डोळा लावला आणि म्हणालं, "कडं कुठाय?" दुसरं म्हणालं, "कडं नाय." पुढच्याने नुसती मान हलवली. काका तोवर पाणसळ घेऊन स्टँडखाली शिरले होते. त्यांना बाहेर ओढून सांगावं लागलं, की कडी आहेत, पण या वर्षी ती आपल्याकडे धारेवर आलीत. रुंदी दोन-पावणेतीन लाख किलोमीटर, जाडी बऱ्याच ठिकाणी दहाएक मीटर, म्हणजे धारेवरून बघितली की एक बारीक रेघ उरते. दर पंधराएक वर्षांनी असं होतं.

"म्हंजे शनी कलंडलाय. स्टँड नाय."

"स्टँड नाही."

एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर लेकीच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. सगळे पोहे खाऊन गेल्यावर काकांनी स्वतः डोळा लावला. काकी फेरा देत होत्या, मी बॅटरी विझवून उभा. एक मिनिट झालं, दोन झाली. काका काही बोलेनात. मला वाटलं, चला, बघितलं एकदाचं. तेवढ्यात पुलावरून एक भरलेला ट्रेलर सुसाट खाली उतरला, फरशी थरथरली, आणि काकांनी डोळा न काढताच ते दोन शब्द उच्चारले.

तेव्हा वाचकहो, दिवाळीनंतर कधी रात्री आठ ते साडेनऊच्या सुमाराला धरमतरच्या पुलावरून जाणं झालं, तर गाडी जरा हळू घ्या. अवजड असेल तर विशेषच. काका बघत असतात.